सुतातलं पांढरं

आमच्याकडे मूल चालायला लागलं की त्याला पहिल्यांदा एकच गोष्ट शिकवतात: समुद्राकडे पाठ करायची नाही. वास्तविक आमचं पिनोतेपा गाव डोंगरात आहे. छपरावर चढलं तरी समुद्र दिसत नाही. तरी शिकवतात, कारण आमचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या खाली किनाऱ्यावर जाऊन खडकांवरच्या तिशिंदाच्या दुधात सूत रंगवत आले आहेत, आणि जे परत आले नाहीत ते सगळे पाठ करून उभे होते, असं परत आलेले सांगतात.

तिशिंदा ही खडकाच्या कपारीत चिकटून राहणारी लिंबाएवढी गोगलगाय. ती बघायची तर तोंड खडकाकडे करावं लागतं, आणि तोंड खडकाकडे केलं की पाठ कुठे जाते हे सांगायला नको. मला तर तिची चित्रं काढायची होती. एकेका चित्राला अर्धी सकाळ जाते. म्हणजे अर्धी अर्धी सकाळ मी समुद्राला पाठ देऊन बसणार होते. मी जन्माची भित्री. ओढ्यात पाय घालायचा तरी आधी काठी घालून बघणारी.

हे खूळ वाहाका शहरातल्या कलाशाळेच्या ग्रिसेल्दा बाईंचं. दुसऱ्या वर्षाला त्यांनी आम्हाला सांगितलं, आपापल्या भागातला एक जीव निवडा, त्याच्या घरी जाऊन त्याला बघा, चित्रं काढा आणि त्या चित्रांतून कापडाचे नमुने विणा. वर्गातल्या शहाण्या मुलींनी निवडुंग घेतला. निवडुंग कोणाला बुडवत नाही. मीसुद्धा आमच्याकडचा तपकिरी कापूस घ्यायचं ठरवून बसले होते, पण बाईंनी माझ्या पिशवीतली मामाच्या सुताची लडी पाहिली आणि घात झाला.

एपिफानियो मामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. अख्ख्या गावात तिशिंदाचा रंग त्याच्यासारखा कोणाला साधत नाही. त्या लडीत जांभळ्या सुताच्या मधेच पांढरे तुकडे राहिले होते, कुठे नखाएवढे, कुठे बोटभर. बाई लडी घेऊन खिडकीशी गेल्या.

"हे पांढरं बघा," त्या वर्गाला म्हणाल्या. "या माणसाला सगळं रंगवता आलं असतं. पण कुठे थांबायचं ते त्याला कळलं. यात श्वास आहे. एदेल, मामाला विचार ना, कुठे सोडायचं हे तो कसं ठरवतो?"

मी अशी फुगले की विचारू नका. त्याच आठवड्यात दोन नमुने विणले आणि दोन्हींत मधेमधे पांढरं सोडलं. पण मामाचं पांढरं सोडल्यासारखं दिसे आणि माझं विसरल्यासारखं.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आई अंगणात विणत बसली होती. मागाचं एक टोक पेरूच्या झाडाला, दुसरं तिच्या कमरेला. मी विचारलं, "आई, मामा हल्ली सूत मधेमधे पांढरं का सोडतो?"

तिचा हात धाग्यांतच थांबला. "कोणाला जाणून घ्यायचंय?"

"आमच्या बाईंना. त्यांना फार आवडलं."

"आवडलं?" आई हसली नाही. थोडा वेळ धागा ओढत राहिली, मग म्हणाली, "जा की त्याच्याबरोबर किनाऱ्यावर. स्वतःच बघ. तुझी चित्रंही होतील. तो लक्ष ठेवील तुझ्यावर."

मी बघतच राहिले. ओढ्याला गुडघाभर पाणी आलं तरी मला घरात कोंडणारी ही बाई! आणि खडकांवर जायचं ते पुरुषांनी. बाई दिसली की तिशिंदा रुसते आणि तिचं दूध आटतं, असं म्हणणारे अजून गावात आहेत.

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघते. क्लेतो गेल्यापासून तो एकटाच जातो, ते बरं नाही."

क्लेतो हा मामाचा तरुणपणापासूनचा जोडीदार. तो दोन वर्षांपूर्वी टोमॅटो तोडायला उत्तरेला गेला आणि तिकडचाच झाला. आमच्यात खडकावर जोडीनं जायचं असतं. एकानं दूध काढायचं, दुसऱ्यानं समुद्र बघायचा.

"मग दुसरा कोणी—"

"दुसरा कोण? गावातली पोरं सगळी उत्तरेला. तूच जा," आई म्हणाली आणि मागाला अशी भिडली की विषय संपला.

*

मामा म्हणजे फेंगड्या पायांचा, चिंचेच्या खोडासारखा वाळलेला माणूस. तोंड मात्र तरुणाचं. बसमध्ये बसल्यापासून त्यानं मला सोडलं नाही.

"वाहाकाला गोगलगाय काढायला शिकवतात? मला वाटलं होतं शहरात पोरं पळायला शिकतात."

"बघायला शिकवतात, मामा."

"अरे वा. फी घेऊन?"

किनाऱ्यावर पोचलो, झाडाखाली पथारी टाकली, वाळलेल्या भाकऱ्या आणि खारा मासा खाल्ला. सकाळी ओहोटी लागली तसा मामा वाळूच्या कडेला उभा राहिला. मान तिरकी करून, कोंबडी दाणा बघते तशी. म्हातारपणी माणसाला नाही नाही त्या सवयी लागतात, असं मला वाटलं.

"काय गं चित्रकार, समुद्र कसा दिसतोय आज? सांग बघू."

परीक्षा घेतोय, असं मी समजले. "जवळ हिरवा. पुढे निळा. त्या टोकाशी शाईसारखा. फेस मळकट."

"फेस मळकट," त्यानं शब्द घोळवला. "म्हणजे रात्री आत कुठेतरी वादळ होऊन गेलं. मग आज जपून."

जवळच्या खडकांवर तिशिंदा उरलेल्या नाहीत. लोक उपटून लिंबू पिळून खातात. त्या आहेत बाहेरच्या खडकावर, आणि तिकडे जायला मधली घळ ओलांडावी लागते. घळीत एकच धोंडा. ओहोटीला त्याचं डोकं वर येतं. त्याच्यावर पाय द्यायचा आणि पलीकडे जायचं. खाली पाणी आत ओढलं जाई आणि हुंकार देऊन परत येई.

मामा गेला. अनवाणी, तळव्यानं चाचपत, घाई न करता. पलीकडून त्यानं हात वर केला, मान तिरकी केली आणि थांबला. मग म्हणाला, "आता." मी कशी गेले ते मला माहीत नाही, कारण डोळे मिटलेले होते.

"ऐक," मामानं खांद्यावरची पांढरी लडी मनगटाला गुंडाळली. "तू तुझी चित्रं काढ. समुद्र माझ्याकडे. मी 'आली' म्हटलं की वही पोटाशी धरायची आणि खडकाला पालीसारखं चिकटायचं. मी 'गेली' म्हणेपर्यंत हलायचं नाही."

"आणि तू विसरलास तर?"

"तर तुझ्या बाई मला नापास करतील," तो म्हणाला आणि खडकाकडे वळला.

त्याचं काम बघत राहावं असं होतं. काठीच्या टोकानं तिशिंदा हळूच सोडवायची. ती आधी पाणी थुंकते, मग दूध. ते सुतावर टिपायचं आणि तिला उचलून ओल्या सावलीतल्या कपारीत परत बसवायचं. कोरड्या उन्हात ठेवली तर मरते. पाण्यात सोडली तर लाट तिला वाळूत लोळवते. "जा बाई," मामा प्रत्येकीला म्हणायचा, "महिनाभर मला शिव्या दे, मग पुन्हा येतो." सुतावर दूध आधी पांढरंच दिसतं, मग पिवळं, मग हिरवं, आणि ऊन लागलं की जांभळं. वास लसणाचा आणि सडक्या मासळीचा. तो वास नवरीच्या नेसण्यातूनसुद्धा जात नाही.

मी काढायला लागले. शंखावरच्या उंचवट्यांच्या ओळी, मधल्या काळ्या रेषा, कडेला चिकटलेलं शेवाळ. पाठीवर सगळा समुद्र होता. पहिल्यांदा प्रत्येक आवाजाला मी वही पोटाशी धरली. पण मामा 'आली' म्हणायचा आणि मगच लाट यायची. मला चाहूलसुद्धा लागायच्या आत त्याला कळलेलं असायचं. हळूहळू माझे खांदे खाली आले. काय नजर आहे या म्हाताऱ्याची, मी मनात म्हटलं. एका चित्राचं दुसरं झालं, दुसऱ्याचं तिसरं. आयुष्यात पहिल्यांदा पाण्याजवळ असून मी पाणी विसरले.

तेवढ्यात खाडीच्या तोंडातून सहलीची होडी आत आली. रंगीत छत, त्याच्याखाली टोप्या घातलेली माणसं आणि कर्ण्यावर बँडचं गाणं, असं की खडकसुद्धा दणदणत होता. होडी समोरच येऊन थांबली. मला हसू आलं. मी पुन्हा वहीत डोकं घातलं.

मग पाठीवर गार पाण्याचा फटका बसला.

मोठी लाट नव्हती. कमरेपर्यंतच आली आणि गेली. पण वहीचं पान भिजलं आणि पेन्सिल वाहून गेली. आणि कोणीही 'आली' म्हटलं नव्हतं.

"मामा!"

"बारकी होती गं," तो हसत म्हणाला. "बारक्यांना कोण मोजतो?"

पण त्याचं हसू लवकर संपलं. मी त्याच्या हाताकडे पाहिलं. तिशिंदा त्याच्या उजव्या हातात होती, आणि तो तिचं दूध टिपत होता ते सुतावर नाही. सुताच्या शेजारी, स्वतःच्या मनगटावर. अगदी मन लावून, टिपून टिपून, कातडीवर. मग त्यानं बोटानं चाचपलं, लडी थोडी फिरवली आणि पुढचा थेंब बरोबर सुतावर लागला. मधलं बोटभर सूत पांढरं राहिलं.

मला काहीतरी कळत होतं आणि ते कळू नये असं वाटत होतं. मी त्याच्या समोर गेले, हातभर अंतरावर, आणि जीभ बाहेर काढली. लहानपणी काढायचे तशी, डोळे तिरळे करून. मामा माझ्या तोंडाकडे बघत होता. बघतच होता.

"काय गं, गप्प का झालीस?"

मी रिकामा हात त्याच्यापुढे धरला. "मामा, माझ्या हातात काय आहे?"

"पेन्सिल," तो पटकन म्हणाला.

कर्ण्यावरचं गाणं संपलं आणि लगेच दुसरं सुरू झालं.

"नाहीये का?" मामाचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

"वाहून गेली. मामा, तुला दिसत नाही?"

"दिसतं की. कडेचं दिसतं. जिथं बघतो तिथंच भोक पडलंय." तो खालच्या आवाजात बोलायला लागला, जणू होडीतली माणसं ऐकतील. "डॉक्टर म्हणाला, आत सुकलंय, आता परत ओलं होत नाही. पण समुद्राला डोळे कशाला लागतात? मोठी यायच्या आधी तो गप्प होतो. आत ओढून घेतो. ते ऐकू येतं मला. आज या भाड्यांनी गाणं लावलंय म्हणून, नाहीतर..."

नाहीतर काय, ते मी ऐकलं नाही. मी वळून समुद्राकडे पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदाच. पाणी चढलं होतं. जो खडक आम्ही आलो तेव्हा कोरडा होता त्याच्यावर आता फेस होता, आणि घळीतल्या धोंड्याचं डोकं मधूनच वर येत होतं आणि मधूनच नाहीसं होत होतं. इतका वेळ मी एका आंधळ्याच्या भरवशावर समुद्राला पाठ देऊन बसले होते. आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात. इथं देव त्या होडीतच बसला होता की काय कोण जाणे.

मी होडीकडे दोन्ही हात केले. ओरडले, "गाणं बंद करा! बंद करा!" तिकडून माणसांनी हात हलवले. एका बाईनं लेकराला उचलून माझ्याकडे दाखवलं आणि त्याचाही हात हलवला. काही जणांनी फोटो काढले.

"एदेल," मामा म्हणाला, "घाबरलीस?"

"मेले मी घाबरून!"

"बरं. मग तू बघ. मला दाखव."

मला एकटीला पळून जावंसं वाटलं. खरंच वाटलं, आणि पाय तिकडे वळलेही. पण तो मान तिरकी करून उभा होता, मला कडेनं शोधत.

मी त्याच्या मनगटावरची लडी सोडून लांब केली. एक टोक त्याच्या मुठीत दिलं, दुसरं माझ्या हाताला गुंडाळलं. त्या सुतानं माणूस ओढला जात नाही, हे मलाही कळत होतं. पण मी कुठे आहे ते तरी त्याला कळलं असतं. लाट ओसरली तशी मी धोंड्यावर पाय दिला आणि पलीकडच्या खडकाला नखांनी चिकटले. मग वर चढून समुद्राकडे तोंड करून उभी राहिले. बोबडी वळली होती, तरी बोलत राहिले.

"थांब. थांब. एक येतेय. मोठी नाही. गेली. आता डावा पाय पुढे. खाली. अजून खाली. लागला?"

"लागला."

"आता उजवा. धोंडा आहे, उतरता आहे, कडेला देऊ नकोस. हां. आता माझ्याकडे ये. ये, मामा, लवकर!"

तो धोंड्यावर उभा होता. आणखी एक पाऊल, बस्स. आणि तिथं तो थांबला.

"अगं," तो म्हणाला, "ही हातातच राहिली."

त्याच्या उजव्या मुठीत तिशिंदा होती. आम्ही बोलत होतो तेव्हापासून तशीच.

"टाक पाण्यात!"

"पाण्यात कशी टाकू? वाळूत जाईल ती. हिला कपार लागते."

आणि तो खाली वाकला. घळीच्या मधोमध, उतरत्या धोंड्यावर, डाव्या हातात माझं सूत धरून, उजव्या हातानं दगड चाचपायला लागला. जन्मभर ज्यानं एकही गोगलगाय कोरडी ठेवली नाही, त्याला त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही. पलीकडे टोकाशी शाईच्या रंगाचं पाणी उचललं जात होतं. ते मला दिसत होतं. गाण्याच्या आवाजात त्याला ते ऐकू येत नव्हतं.

"आली!" मी किंचाळले. "मामा, आली! सोड तिला! थेरड्या, मेलास तर आई मला उभी चिरेल! आली!"

तो शेवटचं ऐकून हसला असावा, कारण त्याचे दात मला दिसले. मग काही दिसलं नाही. लाट घळीत शिरली आणि सगळं पांढरं झालं. माझ्या हातातलं सूत ताणलं गेलं, इतकं की बोटांत रुतलं. मग सैल पडलं.

सैल सूत पाण्यावर तरंगत होतं आणि मी ते हळूहळू गोळा करत होते. ते का करत होते कोण जाणे. मला एवढंच वाटत होतं की याचं टोक हातात आलं की मग मला कळेल, आणि ते टोक येऊ नये.

पाणी ओढून गेलं. धोंड्याच्या अंगाला एक हात चिकटलेला दिसला. मग डोकं. मामा धोंड्याला बिलगून पडला होता, उजव्या हाताची बोटं दगडाच्या एका चिरेत पार रुतलेली. त्यानं तोंडातलं पाणी थुंकलं.

"कपार सापडली," तो म्हणाला.

मी खाली उतरले. पुढची लाट कुठे आहे ते बघितलं आणि त्याला काखेत धरून वर ओढलं. ते मला कसं जमलं याचा मला अजून पत्ता नाही. होडीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

*

वाळूवर आलो तेव्हा मामाचे गुडघे सोलून निघाले होते आणि दोन नखं गेली होती. माझे दात वाजत होते आणि ऊन तर मरणाचं होतं. लडी आमच्या दोघांच्या मधे पडली होती, अर्धी हिरवी, अर्धी पांढरी.

"तोमासाला सांगू नकोस," तो म्हणाला. तोमासा म्हणजे माझी आई. "कळलं तर घरात बसवेल. मक्याचे दाणे सोलायला देईल. मला तसलं मरण नको."

मी लडीला लागलेली वाळू झटकली.

"क्लेतो होता तोवर तो बघायचा," तो म्हणाला. "त्याला ठाऊक होतं. कोणाजवळ बोलला नाही बिचारा. एदेल, तुझं तोंड मी दोन वर्षांत पाहिलेलं नाही. कशी दिसतेस आता?"

"घाबरलेली."

"म्हणजे बदलली नाहीस," तो म्हणाला.

मग मला रडू फुटलं आणि मी खूप रडले. तो लडी उन्हाकडे फिरवत राहिला, कारण हिरव्याचं जांभळं व्हायला सगळीकडून ऊन लागतं.

घरी आल्यावर मामा आपल्या खोलीत झोपला. पाय घसरला, एवढंच त्यानं सांगितलं. आई अंगणात बसून लडी उलगडायला लागली. पांढऱ्या जागांवरून तिचं बोट फिरत होतं. या वेळी त्या बोटभर नव्हत्या, वीतवीतभर होत्या. मी काय बोलायचं ते जुळवत होते. तीच बोलली.

"आता कितपत दिसतं त्याला?"

"तुला माहीत होतं?"

"पांढरं पडायला लागलं तेव्हापासून. मला सूत कळत नाही होय? हे बघ." तिनं कमरेला गुंडाळून नेसलेल्या पोसावांकोची घडी उलटी केली. पट्ट्यापट्ट्यांच्या त्या कापडात आतल्या वेढ्यात, जिथं कोणाची नजर जात नाही, तिथं सगळे पांढरे ठिपके गोळा केलेले होते. बाहेर अखंड जांभळं. "गावात याचं नाव आहे. ते मी असं सांभाळतेय."

"आणि तरी मला पाठवलंस? तो लक्ष ठेवील म्हणालीस!"

"त्यालाही तसंच सांगितलं. नाहीतर त्यानं तुला नेलं असतं का?"

"आई, मी मेले असते!" माझा आवाज शेजारी गेला असेल. "तुला एकदा तरी वाटलं का, मी मरेन?"

आईचे हात थांबले. तिनं मान वर केली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. ती आजची रडलेली नव्हती.

"तुम्ही गेलात तेव्हापासून अन्न उतरलं नाही घशाखाली," ती म्हणाली. "पण दुसरं कोणाला पाठवू? जो घाबरत नाही तो खडकावर मामाचं काम बघत बसला असता, आणि दोघं गेले असते. तू पहिल्यापासून पाणी बघून पाय टाकणारी. मला ठाऊक होतं, तू शेवटी वळून समुद्राकडे बघशीलच."

मला तिचा इतका राग आला होता की मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्यासमोर भाकरी ठेवली आणि मी खाल्ली.

पुढच्या चंद्राला मामा पहाटे पिशवी घेऊन उंबऱ्याशी आला, तर मी आधीच बाहेर उभी होते, अनवाणी. "शाळा नाही का तुला?" त्यानं विचारलं. "आहे," मी म्हटलं. आईनं भाकऱ्या दोघांच्या बांधल्या होत्या.

तेव्हापासून खडकावर वाटणी उलटी झाली आहे. मामा कपारींकडे तोंड करून काम करतो, कुठलं बोट कुठे आहे ते चाचपत. मी त्याच्या पाठीला पाठ लावून बसते, समुद्राकडे तोंड करून. भीती कमी झाली असेल असं तुम्हाला वाटेल. तसं काही नाही. त्या शाईच्या रंगाचं पाणी उचललं गेलं की अजून माझी पाचावर धारण बसते. तिशिंदाची चित्रं आता निघत नाहीत, ती माझ्या मागे असते. मग समोर जे असतं तेच काढते. वहीत सगळ्या लाटाच लाटा आहेत.

वर्षअखेरीला मी त्या चित्रांवरून विणलेले नमुने बाईंपुढे मांडले. मामाच्या सुताबद्दल त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्या वही चाळत बसल्या होत्या. रेघ चालता चालता जागोजाग तुटली होती, बोटभर कोरा कागद, मग पुन्हा पुढे सुरू.

"हे छान आहे," बाई त्या कोऱ्या जागांवर बोट ठेवून म्हणाल्या. "आता तुलाही कळायला लागलं बघ, कुठे थांबायचं. कसं ठरवतेस?"

"तिथं मी ओरडत होते, बाई," मी म्हटलं. "लाट आली म्हणून."

त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय.